शोभा, तू स्वतःला एक चमचाही दिला नाहीस

शोभा,

तुला सावडून आलो त्या दिवशी तुझ्या भावानं, मारोतीभाऊंनी, मला गोठ्यामागं बोलावलं. मला वाटलं, रडायला आडोसा हवा असेल. पण ते रडले नाहीत. इकडंतिकडं बघून हळूच म्हणाले, "ताई, खरं सांगा. ती काय खात होती?"

"काय म्हणजे?"

"तुमचंच बनवलेलं काही. पाला, मुळ्या, काढे. समदं गाव म्हणून राहिलंय, शोभाला तिच्याच औषधानं खाल्लं."

मी सांगितलं, तू काहीच घेत नव्हतीस. त्यांनी मान हलवली. तुमच्या घरात कुणी मान हलवली म्हणजे पटलं असं समजायचं नसतं, हे तुझ्यासोबत इतकी वर्षं काढल्यावर मला ठाऊक आहे. गोठ्यातून बाहेर येताना त्यांनी एकदा मागं वळून माझ्याकडं बघितलं. डोळे बारीक करून, अगदी तुझ्यासारखं. आणि मला कळलं की आता संशय तुझ्यावर नाही, माझ्यावर आहे. औषध खाणारी गेली. बनवणारी दुसरी अजून जिवंत आहे.

म्हणून हे लिहायला बसलेय. तुझी आठवण काढायची म्हणजे कुठून सुरुवात करावी ते कळत नाही. लोक गेलेल्या माणसाच्या माणुसकीच्या, मायेच्या गोष्टी सांगतात. मला तुझ्या आठवतात त्या सगळ्या चौकशीच्या.

हिंगोलीच्या कॉलेजात औषधी वनस्पतींचा कोर्स सुरू झाला, त्यात आपण दोघी शेजारी बसलो होतो. मी सिद्धेश्वर धरणाच्या बाजूची, तू सेनगावकडची. मधल्या सुट्टीत मी डबा उघडला आणि चिवडा पुढं केला. तू वास घेतलास.

"कुणी केला?"

"आईनं."

"तेल जुनं आहे का?"

मला इतका राग आला की मी डबा बंद केला. तू तो माझ्या हातातून काढून घेतलास, दोन घास खाल्लेस आणि म्हणालीस, "चांगला आहे. विचारलं म्हणून रागावू नको. विचारल्याशिवाय मी आमच्या आईच्या हातचंही खात न्हाई."

पुढं कळलं, तुझ्यासाठी स्थळ आलं तेव्हा तू एकटी एसटीत बसून मुलाच्या गावी जाऊन आली होतीस. पानटपरीवर, पिठाच्या गिरणीत, त्याच्या शेजारणीकडं सगळीकडं विचारून आलीस आणि घरी सांगितलंस, "पोरगं पितंय." तुझ्या घरच्यांना पोरगं पितं याच्यापेक्षा पोरगी विचारत फिरली याची लाज जास्त वाटली. नंतर स्थळंच येईनात. तू म्हणायचीस, बरं झालं. ते खरंच बरं वाटत होतं की नाही, हे मी तुला कधी विचारलं नाही. विचारायचं काम तुझं, असं आपल्यात ठरूनच गेलं होतं.

तुझ्या घरी मेंढरं. तुझे वडील मेंढरांना पाला द्यायचे. पोट फुगलं की एक, पाय सुजला की दुसरा. तुला झाडांची ओढ तिथूनच लागली, पण तू त्यातून वेगळंच काहीतरी उचललंस. एकदा माळावर निर्गुडीचा पाला तोडताना मला म्हणालीस, "मिते, माणसाला औषध दिलं की माणूस तुझं मन राखतो. ताई, बरं वाटलं, असं म्हणतो. मेंढी मन राखत न्हाई. बरं वाटलं तर उठते, न्हाईतर पडून राहते." मी तेव्हा हसले होते. संघमित्रा या माझ्या नावाचं मिती फक्त तूच केलंस, आणि आता त्या नावानं हाक मारणारं कुणी उरलं नाही.

आखाडा बाळापूरला बाजाराच्या मागं दोन खोल्या घेऊन आपण काम सुरू केलं. परवाना काढला. त्रिफळा, अडुळशाचा काढा, शतावरीचा कल्प आणि निर्गुडीचं तेल. बाया यायच्या, तेल न्यायच्या, गुडघे दाखवायच्या, सुनांची गाऱ्हाणी सांगायच्या. मला ते सगळं आवडायचं. तुला फक्त डबे आवडायचे. बेहडा आणणाऱ्या माणसाचं पोतं तू तळापर्यंत उलटं करून बघायचीस. वरचं चांगलं आणि खालचं किडकं असायचं तेव्हा तुझ्या चेहऱ्यावर जो आनंद यायचा, तसा सणालाही यायचा नाही. मी चाळलेलं चूर्ण तू माझ्या माघारी पुन्हा फडक्यातून चाळायचीस. मी एकदा पकडलं तुला. "माझ्यावरही भरोसा न्हाई?" म्हटलं. तू फडकं झटकत म्हणालीस, "तुझ्या डोळ्यांवर न्हाई. चष्मा लाव."

चष्मा लागलाच, पण ते सोड.

मग तो जीपवाला आला. त्याचं नाव मी इथं लिहीत नाही. त्यानं तेव्हा सांगितलेलं नाव खरं होतं यावरही माझा विश्वास नाही. बाजाराच्या दिवशी जीप उभी करायचा, भोंगा लावायचा आणि सांधेदुखीचं चूर्ण विकायचा. तपकिरी रंगाची पूड, कागदी पुड्या. डोंगरातल्या मुळ्यांचं आहे म्हणायचा. लोक लांबून लांबून यायचे. लंगडत आलेला म्हातारा पुढच्या बाजाराला ताठ चालत यायचा आणि सगळ्यांसमोर सांगायचा. आपल्या तेलाला महिना महिना चोळून जे व्हायचं नाही ते त्याच्या चूर्णानं दोन दिवसांत व्हायचं.

एक दिवस तो आपल्याकडंच आला. खोलीत बसून पाणी प्यायला आणि म्हणाला, "ताई, तुमचं नाव चांगलं आहे, परवाना आहे. माझं चूर्ण तुमच्या डब्यात भरा. दोघांचंही भलं." तू विचारलंस, "त्यात काय आहे?" तो हसला. "ते आमच्या घराण्याचं गुपित." तू उठलीस आणि दार उघडून उभी राहिलीस. तो गेला, तेव्हा मला तुझं वागणं उर्मट वाटलं होतं. कारण तोपर्यंत माझी आई त्याचं चूर्ण खायला लागली होती.

आईचं तुला ठाऊक होतंच. गुडघे गेलेले, बाजेवरून उठायला दोन माणसं लागायची. भावानं बाजारातून पुड्या नेल्या आणि तिसऱ्या दिवशी आईचा फोन आला, "पोरी, मी आपली आपण उठले. विहारात जाऊन आले. वंदनेला खाली बसले!" फोनवर ती रडत होती आणि मीही. त्या आवाजासाठी मी वर्षभर काय काय केलं होतं! लेप, तेल, शेक, पथ्य. काहीच चाललं नव्हतं. मग ते कुणाच्या का पुडीनं होईना, आई उठली होती.

तुला सांगितलं, तर तुझं पहिलं वाक्य काय होतं? "इतक्या लवकर?"

मी बोलायचं बंद केलं तुझ्याशी. पाच-सहा महिने तसेच गेले. आपण काम करत होतो, पण कामापुरतंच बोलत होतो. मग एका दुपारी तू न सांगता माझ्या आईकडं जाऊन आलीस. परत आल्यावर म्हणालीस, "तुझ्या आईचं तोंड गोल झालंय."

"दुखणं गेलं, खायला लागली, अंग धरलं तिनं."

"हातपाय बारीकच आहेत. तोंड आणि पोट तेवढं सुटलंय. दंडावर निळे डाग आहेत, कशाचे विचारलं तर आपोआप येतात म्हणाली. झोप न्हाई तिला. भूक मरायला तयार न्हाई."

"शोभा, तुला कुणाचं चांगलं झालेलं बघवत न्हाई." हे मी बोलले. आजही तेच बोलेन का, माहीत नाही. पण त्या दिवशी मी एका लेकीसारखं बोलले आणि त्याबद्दल मला तुझी माफी मागायची नाही. तूही कधी मागितली नाहीस, माझ्या माघारी आईचे दंड उघडून बघितल्याबद्दल.

त्यानंतर तू गावाकडं गेलीस. मारोतीभाऊंची एक म्हातारी मेंढी होती, पुढचे दोन्ही गुडघे सुजलेली, खाटकाला द्यायची ठरलेली. तू तिला पिठाच्या गोळ्यातून ते चूर्ण चारलंस. मला हे काहीच ठाऊक नव्हतं. चार दिवसांनी तू बाळापूरला आलीस, पायातली चप्पलही न काढता पोत्यावर बसलीस आणि म्हणालीस, "मिते, मेंढी उठली गं."

मी अक्षरशः टाळी वाजवली. "बघ! तूच म्हणायचीस ना, मेंढी मन राखत न्हाई? मग आता तरी मान, औषध खरं आहे."

"म्हणून तर भ्याव वाटून राहिलं." तुझा आवाज इतका खाली गेलेला मी आधी ऐकला नव्हता. "मी लहानपणापासून पाला देते. दुसऱ्या दिवशी सकाळी उठवणारी एक मुळी मला दाखव. एकच. डोंगरातली, पाताळातली, कुठलीही."

मला दाखवता आली नाही.

तू सेनगावला जनावरांच्या डॉक्टरांकडं जाऊन आली होतीस. त्यांनी मेंढी बघून आधी तुलाच झापलं, "इंजेक्शन कोणी दिलं हिला?" तू पुडी पुढं केलीस. ते म्हणाले, असं झटक्यात उठवणारं त्यांच्याकडं एकच आहे, स्टेरॉईड, आणि ते सारखं सारखं देत नसतात. पुडीत नक्की काय आहे ते तपासल्याशिवाय सांगता येणार नाही, पण हे माणसं रोज खात असतील तर अवघड आहे. आणि एक गोष्ट त्यांनी बजावली, ती तू मला दोनदा सांगितलीस: "एकदम बंद करायचं न्हाई. अंगाला त्याची सवय होते. आधी दवाखान्यात न्यायचं, मग डॉक्टर सांगतील तसं हळूहळू कमी करायचं. ऐकतेस ना? एकदम न्हाई."

मी भावाला फोन केला. त्यानं पहिला अर्धा भाग ऐकला आणि दुसरा ऐकलाच नाही. माझ्या आईला कुणी विष घालून राहिलं, एवढंच त्याच्या डोक्यात गेलं. फोन ठेवल्या ठेवल्या त्यानं घरातल्या सगळ्या पुड्या उकिरड्यावर नेऊन जाळल्या. मला ते कळलं तेव्हा आई उलट्या करत होती. उभी राहिली की कोसळत होती, हातपाय गार, डोळे उघडत नव्हते.

तिला भाड्याच्या जीपमध्ये घालून हिंगोलीला आणलं, तर तू आमच्या आधी तिथं पोचली होतीस. कशी, ते अजून कळलं नाही मला. अपघात विभागात डॉक्टर विचारत होते, काय झालं, ताप आहे का, काय खाल्लं. भाऊ रडत होता, मी काहीतरी असंबद्ध बोलत होते. तू मध्ये शिरलीस आणि सरळ सांगितलंस, "सहा महिने सांधेदुखीचं चूर्ण खात होत्या. त्यात स्टेरॉईड असावं असा आमाला डाऊट आहे. परवापासून एकदम बंद झालंय." त्या डॉक्टरांनी वर बघितलं, परत एकदा विचारलं आणि लगेच नर्सला हाक मारली. सलाईन, इंजेक्शन. संध्याकाळपर्यंत आईनं डोळे उघडले आणि पाणी मागितलं.

तिथं बाकावर बसून मी तुझा हात धरला होता, आठवतं? तू काढून घेतलास. "माझ्या हाताला मेंढीचा वास आहे," म्हणालीस. मला काहीतरी म्हणायचं होतं. तुझे आभार मानायचे होते, किंवा भांडण संपलं असं म्हणायचं होतं. मी म्हटलं, "चहा घेतेस?" तू म्हणालीस, "इथलं दूध कसलं असतं कोण जाणे." झालं, तेवढंच. ते बोलायचं राहिलं ते राहिलंच.

आपण तक्रार केली. तुझ्या म्हणण्याप्रमाणं सगळं बराबर लिहून, पुडी सोबत देऊन. त्यानंतर जे झालं ते आठवून मला अजूनही संताप येतो: तपासणीची माणसं आली ती आपल्याच खोल्यांवर. जीपवाल्याला पत्ता नव्हता, आपल्याला होता. त्यांनी डबे उघडले, नमुने सील केले, माळ्यावर चढून बघितलं. बाजारात बातमी पसरली की या बायांच्या औषधात काहीतरी सापडलं. तो जीपवाला दोन बाजार आलाच नाही आणि लोक म्हणायला लागले, या दोघींनी जळून त्याला घालवलं. ज्या म्हाताऱ्यांचे गुडघे परत धरले ते आपल्या दारात येऊन शिव्या देऊन गेले. एका बाईनं तेलाची भरलेली बाटली आपल्या उंबऱ्यावर ठेवली आणि निघून गेली.

मी रडत होते. तू सील केलेल्या डब्यांकडं बघून म्हणालीस, "बरं झालं."

"काय बरं झालं?"

"आपल्याही डब्यात काय आहे ते कुणीतरी तिऱ्हाइतानं बघायला पायजे होतं."

काही सापडलं नाही. आपल्या डब्यात जे लिहिलं होतं तेच होतं. मला वाटलं, आता तरी तू निवांत होशील. पण तुझा खरा संशय तिथून सुरू झाला. त्यात काय आहे हा प्रश्न सुटला, तर तू दुसरा काढलास: त्यानं काय होतं?

हे आपलं शेवटचं भांडण, आणि सगळ्यात लांबलेलं. तुला बाटलीवरून सांधेदुखी हा शब्द काढायचा होता. मी म्हटलं, मग काय लिहायचं? तू म्हणालीस, "निर्गुडीचं तेल. ते आहे, ते लिही." मी म्हटलं, बायांना बरं वाटतं, त्या स्वतः सांगतात. तू म्हणालीस, "चोळल्यानं वाटत असंल. तू त्यांच्याजवळ बसतेस, विचारपूस करतेस, त्यानं वाटत असंल. आपोआपही कमी होत असंल. तेलानं होतं हे तुला कुठून ठाऊक?" मग तू तुझी युक्ती सांगितलीस. निम्म्या बाटल्यांत निर्गुडीचं तेल, निम्म्यांत नुसतं तिळाचं. वास आणि रंग सारखा करायचा. कुणाला काय दिलं ते फक्त तुला ठाऊक. दोन महिन्यांनी विचारायचं.

"बायांना फसवायचं?" मी ओरडले.

"आता काय करून राहिलो आपण, ते तरी कुठं ठाऊक आहे?"

"विश्वासानं येतात त्या, शोभा."

"त्या जीपवाल्याकडं कशानं जात होत्या?"

मी तुला त्या खोलीत एकटीला सोडून एसटी स्टँडवर जाऊन बसले होते. अजूनही मला वाटतं की माझं बरोबर होतं. न सांगता कुणाला दुसरं काही द्यायचं नाही. सांगून, विचारून करता आलं असतं कदाचित. हे मला नंतर सुचलं. तुला सांगायला आले त्या दिवशी तू खिडकीपाशी उभी होतीस आणि तुझ्या डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा दिसत होता. मी तो विषय काढलाच नाही.

मी काय केलं, तर जे आपण शिकलो होतो ते. भुईआवळा उपटून आणला, धुतला, वाटला, ताकातून तुझ्यापुढं धरला. तू पेला हातात घेतलास, वास घेतलास आणि खाली ठेवलास.

"कावीळ झालीय तुला."

"कावीळ म्हणजे काय झालंय ते न्हाई गं. कावीळ म्हणजे आत काहीतरी झालंय, एवढंच. काय ते कळू दे आधी."

"हे पिऊन घे, मग जा दवाखान्यात."

"मग बरं वाटलं तर कशानं वाटलं, आणि बिघडलं तर कशानं बिघडलं, ते डॉक्टरला कसं कळंल? काहीच घेतलेलं नसलं म्हणजे बरं."

तो पेला संध्याकाळी मी मोरीत ओतला.

नांदेडला डॉक्टरांनी विचारलंच, "काही जडीबुटी घेतली का?" तू म्हणालीस, "न्हाई. मी बनवते." ते हसले. तू हसली नाहीस. स्वादुपिंडात गाठ होती, पसरलेली. तू त्यांना इतके प्रश्न विचारलेस की त्यांनी खुर्ची ओढून घेतली आणि कागदावर चित्र काढून दाखवलं. सलाईनच्या प्रत्येक बाटलीवरचं नाव तू वाचायला लावायचीस. नर्स वैतागायच्या, नंतर नंतर त्या स्वतःच येऊन बाटली तुझ्या डोळ्यांपुढं धरायच्या.

एका दुपारी मी विचारलं. विचारायला नको होतं, पण मला राहवलं नाही. "शोभा, आपण जे बनवलं त्याच्यावर तुझा कधीच भरोसा नव्हता का? मग इतकी वर्षं काहून केलंस?"

तुझे ओठ कोरडे पडले होते, मी कापसानं पाणी लावलं. मग तू म्हणालीस, "मला ठाऊक करून घ्यायचं होतं." आणि थोड्या वेळानं, "तुझ्यासोबत."

त्यानंतर आपलं नीट बोलणं झालं नाही. तू सारखी झोपेत असायचीस.

तुझ्या दहाव्याला मी गेले. न जाऊन चाललं नसतं. न गेलेल्या माणसाबद्दल जे बोललं जातं ते मला ठाऊक होतं. बाया पंगतीत कुजबुजत होत्या. कुणीतरी सांगितलं, जीपवाला परत दिसायला लागलाय, दुसऱ्या बाजाराला, जीपचा रंग बदलून, आणि भोंग्यावरून सांगतोय की त्याच्यावर आळ घेणारी बाई स्वतःच्याच औषधानं मेली. हे ऐकल्यावर मी उभी राहिले. मला चारचौघांत बोलायची सवय नाही, तुला ठाऊक आहे. मी सगळ्यांना सांगितलं: तुला कोणता आजार होता, तो कुठं होता, कधी कळला. तू आपल्या औषधाचा एक थेंबही घेतला नव्हतास आणि का घेतला नव्हतास. भुईआवळ्याच्या पेल्याचंही सांगितलं, आणि ते चूर्ण एकदम बंद केल्यावर आईचं काय झालं होतं तेही.

मारोतीभाऊ भिंतीला टेकून ऐकत होते. माझं झाल्यावर म्हणाले, "म्हंजे तिचा तिच्याच औषधावर भरोसा नव्हता."

लोक उठून हात धुवायला गेले.

फाट्यापर्यंत सोडायला तुझी भावजय आली, गयावैनी. वाटेत त्या सारख्या मागं बघत होत्या. फाट्यावर कुणी नव्हतं. त्यांनी कमरेची पिशवी सोडली आणि माझ्या हातात एक कागदी पुडी ठेवली. तपकिरी.

"गुडघ्यासाठी," त्या म्हणाल्या. "पावसाळ्याआधीपासून खाते. यांना ठाऊक न्हाई. शोभाताईला तर मुळीच कळू दिलं न्हाई, तिनं घर डोक्यावर घेतलं असतं. आता तुमी समदं सांगितलं तसं मला सांगा. हे एकदम बंद करू, का थोडं थोडं?"

मी त्यांच्या तोंडाकडं बघितलं. गोल, लाल, तकतकीत. दवाखान्यात तुझ्या उशाशी त्या इतके दिवस बसल्या होत्या. तू सलाईनची बाटली वाचत होतीस आणि त्या तुझे पाय दाबत होत्या. तुला दिसलं नव्हतं, शोभा? का दिसलं होतं, आणि उठून बसायची ताकद नव्हती म्हणून गप्प राहिलीस? हा एक संशय मला तुझ्याबद्दल कायमचा राहणार.

"बंद करू नका," मी म्हटलं. "उद्या माझ्यासोबत हिंगोलीला चला."

"यांना काय सांगू?"

"खरं सांगा."

त्यांनी काय सांगितलं ते मला ठाऊक नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी भाड्याच्या जीपमधून त्या उतरल्या, तेव्हा मागून मारोतीभाऊही उतरले. रांगेत ते माझ्याशी बोलले नाहीत. डॉक्टरांनी पुडी बघितली, रक्त तपासायला घेतलं, साखर वाढलेली निघाली. गोळ्या लिहून दिल्या, कशा कमी करत आणायच्या ते समजावलं, एकही चुकवायची नाही म्हणाले. मारोतीभाऊंनी ते त्यांच्याकडून दुसऱ्यांदा सांगून घेतलं, आणि बाहेर आल्यावर तिसऱ्यांदा माझ्याकडून. मी काही चुकीचं सांगते का, ते बघत होते. मी बरोबर सांगितलं.

आता वैनींचा गुडघा परत दुखतोय. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, दुखेल. त्या फोन करतात आणि शिव्या देतात, मला, डॉक्टरांना आणि तुलाही. मी ऐकून घेते. परवा त्या बाळापूरला आल्या, खोलीत सगळीकडं नजर फिरवली आणि निर्गुडीच्या तेलाची बाटली मागितली. मी काढून दिली. बाटलीवर आता फक्त तेलाचं नाव आहे.

"यानं थांबंल का?" त्यांनी विचारलं.

"ठाऊक न्हाई, वैनी," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मग बाटलीचं बूच काढलं, वास घेतला, परत लावलं आणि बाटली पिशवीत ठेवली.